सोमवारची छाती

"बिसिनोसिस," डॉक्टर म्हणाले आणि आम्हा दोघींची तोंडं बघून लगेच मराठीवर आले. "कापसाची धूळ छातीत जाऊन होणारा दम्यासारखा आजार. आधी आला असतात तर..." देवपूरच्या त्या दवाखान्यात मला रडू आलं नाही, संताप आला. शेजारी बसलेल्या लताअक्कांचाच.

अक्का आणि मी नरडाण्याजवळच्या सूतगिरणीत कार्डिंगला. म्हणजे कापूस पिंजून पेळू काढणारं खातं, धूळ सगळ्यात जास्त तिथंच. मला काम शिकवलं ते अक्कांनी. त्यांना खोकला लागला तोही अजब. रविवारी सुट्टीला ठणठणीत, सोमवारी मशीनपाशी आल्या की छाती आवळायची, आणि शनिवार येईतो त्रास उतरायचा. 'सोमवारचं सोंग' म्हणून सगळं खातं चिडवायचं.

मी मागे लागायचे, अक्का, एकदा दाखवून येऊ. उत्तर ठरलेलं: "माले काय व्हयेल नही. सुट्टी लिधी का छाती भरस."

मग त्यांनी उपाय काढला. सुट्टीच बंद केली! रविवारीही कामावर. सोमवारचा त्रास खरंच कमी झाला, आणि अक्का मलाच अक्कल शिकवू लागल्या. सुपरवायझर खूश. पूर्ण हजेरीबद्दल साडी-नारळ देऊन सत्कार झाला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून अक्का आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

शेवटी गिरणीच्या जिन्यातच बसल्या. ओठ निळे पडलेले. तेव्हा कुठे डॉक्टरकडे आल्या, तेही सत्काराची साडी नेसून.

स्पायरोमेट्री केली. नळीत जोरात फुंकायचं, म्हणजे दम मोजता येतो. अक्का फुंकायच्या आणि खोकल्याची उबळ यायची. पुन्हा फुंका, पुन्हा उबळ. मला बाहेर जाऊन बसावंसं वाटत होतं.

"सुट्टीनं आजार होत नव्हता, ताई," डॉक्टर म्हणाले. "सुट्टीत छाती मोकळी व्हायची, म्हणून सोमवारी धूळ कळायची. तुम्ही ते कळणंच बंद केलंत." अक्का पदराचं टोक पिळत राहिल्या.

गेलेला दम परत येत नाही. आता श्वासाचा पंप आहे आणि घर आहे. त्यांच्या मशीनवर गिरणीनं दुसरी बाई उभी केली. हजेरीचं कौतुक करणारा एकही माणूस विचारायला गेला नाही. बायांनो, सोमवारी छाती भरत असेल तर हसण्यावारी नेऊ नका, एवढंच मला सांगायचंय.

गेल्या सोमवारी माझी छाती आवळली. खात्यातल्या बाया हसल्या, "लागलं का तुलाही सोंग?" मी अक्कांना नुसतं फोनवर सांगितलं. दोन पायऱ्या चढल्या की थांबणारी ती बाई पाळी सुटल्यावर माझ्या आधी एसटी स्टँडवर हजर, हातात पंप.

"चाल दवाखानामा," म्हणाल्या. "मी करं तसं तू करू नको."