मुंग्यांनी खाल्लेली स्लाइड

माझा राग नाकावर असतो, हे सालेकसा तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात सगळ्यांना ठाऊक आहे. मी तिथे लॅब टेक्निशियन. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि तापाच्या रोग्यांच्या रक्तात मलेरियाचे जंतू शोधायचे, हे माझं काम.

त्या एप्रिलमध्ये झटपट तपासणीचे किट संपले होते. प्रत्येक गावातली आशाताई बोट टोचून काचेवर रक्त घ्यायची, एक जाड ठिपका करायची, शेजारी पातळ थर ओढायची, वाळवायची आणि स्लाइड माझ्याकडे पाठवायची. जंगलाकडच्या एका गावातून आलेल्या स्लाइडींत एक सहा महिन्यांच्या गरोदर बाईची होती. तिला तिसऱ्यांदा ताप आला होता.

तिची स्लाइड रंगवली, तेलाचा थेंब टाकला, डोळा लावला. काही नाही. म्हणजे जंतू नाहीत असं नव्हे, रक्तच नव्हतं. ठिपक्याची कड कुरतडलेली, मधे मोकळी काच आणि एका जागी कुठल्याशा किड्याचा पाय चिकटलेला. पातळ थराचीही तीच गत.

महिना संपत होता. अहवाल न्यायला आलेले सुपरवायझर गोंदिया शहरातले.

"अरे मॅडम, निगेटिव्ह लिख दो ना. एका स्लाइडसाठी रिपोर्ट कायले अडवून राहिल्या?"

"निगेटिव्ह म्हणजे मी पाहिलं आणि नव्हतं. इथं पाहायलाच काही नाही."

"सगळे लिहितात."

"मी नाही लिहीत."

ते हसले. त्या हसण्याने माझं डोकंच सणकलं. पोटुशी बाई तापाने फणफणतेय आणि यांना रकाना भरायची घाई! रजिस्टरमध्ये तिच्या नंबरापुढे मी ठसठशीत लिहिलं : रक्त नाही, पुन्हा घ्यावं. नोटीस येईल, म्हणाले. म्हटलं, येऊ द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोऱ्या काचा घेऊन स्कूटीने त्या गावात गेले. आशाताईच्या अंगणात मोहफुलं वाळत होती आणि त्यांच्याच शेजारी सुपात नव्या स्लाइडी. मोहाच्या गोडाला आलेल्या मुंग्या आयत्या रक्तावरही चढल्या होत्या.

"अवो बाई, उनात लवकर वारतेत म्हनून ठेवल्या," ती म्हणाली.

मी तिच्यावर खेकसले. मग माझीच मला लाज वाटली. कोणतं बोट टोचायचं, थेंब किती घ्यायचे, सगळं मीच तिला शिकवलं होतं. वाळवायचं कुठे, ते मात्र सांगितलं नव्हतं.

त्या बाईचं रक्त पुन्हा घेतलं आणि स्लाइड वाळेपर्यंत तळहातावर धरून बसले. केंद्रात आल्यावर रंगवून पाहायला लागले. बराच वेळ काही दिसेना. मग एका जागी जांभळा ठिपका आणि त्याला बारीकसं निळं कडं. थोडं सरकवलं, आणखी एक. तोच होता. मी उठून उभीच राहिले. दुपारपर्यंत डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तिच्या घरी पोचल्या.

चार दिवसांनी नोटीस आली : अहवालास विलंब का झाला? उत्तरात मी लिहिलं, पहिल्या स्लाइडवर रक्तच नव्हतं, दुसरीवर जंतू आहेत; ती लावून ठेवली आहे, येऊन पाहावी. खाली पाहणाऱ्याच्या सहीसाठी जागा सोडली, सही होईपर्यंत कागद माझ्याकडेच ठेवला आणि येऊन पाहा, असा सुपरवायझरना फोन केला. रोजचं काम संपलं की तीच स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावायची, असा मी हट्टच धरला. आठवडा गेला. कुणी फिरकलं नाही.

आली ती बाई. ताप उतरला होता, पोटातलं बाळ ठीक होतं, नोटिशीची गोष्ट आशाताईकडून तिच्या कानावर गेली होती; तपासणी करून ती माझ्या दारात उभी राहिली.

"बाई, मले पाहू द्या ना."

एक डोळा हाताने झाकून ती वाकली. बराच वेळ वाकलेलीच होती.

"एवढासा?"

"एवढासाच."

"साहेबाले दिसला का?"

"साहेब पाहायलाच आले नाहीत. पाहणाऱ्याच्या सहीची जागा कोरीच आहे."

ती सरळ झाली. "मंग मी पाहिली म्हनून लिवा."

मी कागद तिच्यापुढे सरकवला. सोडलेल्या जागेत तिने एकेक अक्षर जुळवत सही केली. नोटिशीचं उत्तर म्हणून तोच कागद मी वर पाठवला.