दोन ओळींच्या मधलं वाजवणं

शर्टाच्या एका बाहीला इस्त्री व्हायची होती, तेवढ्यात आतून कॅस्मिरची हाक आली, "अगं, जरा ऐकून जा." प्लग काढून मी गेले.

आमचे कॅस्मिर दुबईत जबल अलीतल्या एका वेअरहाउसमध्ये अकाउंटंट. कंपनीच्या बसने शारजात अल मजाजला घरी आले की चहा, रोझरीचा जप आणि मग वाजवायला कीबोर्ड. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून कानाला हेडफोन, आम्हाला ऐकू येते ती नुसती पट्ट्यांची टकटक. त्या गुरुवारी मात्र त्यांनी हेडफोन काढून वाजवलं.

अडीचशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या कुणा ऑर्गनवाल्याने बसवलेली ही रचना. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गीत सुरू होण्याआधी वाजवायची, म्हणजे चाल लोकांच्या मनात जागी होते. डावा हात सारखा धावतो, त्यावर उजवा हात गीताची एक ओळ लांब लांब सुरांत ठेवतो. ओळ संपते, धावणं चालूच. मग सावकाश दुसरी ओळ. चाल तीच, जी आपण वसईत मराठी शब्दांनी गातो.

"डॅडी, इट्स सो स्लो," आमची अस्मी म्हणाली.

"अगदी व्हिवियन अंकलसारखं बोललीस!"

व्हिवियन आमच्या क्वायरचा, चर्चमधल्या गायकांचा पुढारी. त्याने बजावलं होतं, "एकदा वाजवून बघ. लोक गोंधळले तर खलास, पुढच्या मिस्सापासून कीबोर्डचा तयार रिदम लावायचा." तयार रिदम म्हणजे कॅस्मिरना डब्यातला मासा. तोंडाला लावणार नाहीत.

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चच्या हॉलमध्ये मराठी मिस्सा, आमची सामुदायिक प्रार्थना. कॅस्मिरनी सुरुवात केली, पहिली ओळ आली, आणि नको तेच झालं. ओळखीची चाल कानावर पडल्यावर वसईचा माणूस गप्प बसतो होय? दुसऱ्या बाकावरच्या रजीनमावशींनी खडा आवाज लावला, मागोमाग सगळा हॉल. ओळ संपली. लोक दुसरीत शिरले, कीबोर्ड आपला एकटाच धावतोय! कुणी थांबलं, कुणी पुढे गेलं. व्हिवियनने थांबवायला हात वर केला. मी रोझरी घट्ट धरली.

कॅस्मिर थांबले नाहीत. डावा हात चालू ठेवून त्यांनी मावशींकडे पाहिलं आणि मानेनेच खुणावलं, थांबा. दुसरी ओळ आली तशी पुन्हा मान हलवली. मावशींनी बरोबर उचलली. तिसऱ्या ओळीला सगळा हॉल श्वास भरून वाट बघत होता. शेवटची तर एका गळ्याने झाली. परमेश्वराची कृपा, दुसरं काय!

बाहेर आल्यावर व्हिवियन म्हणाला, "अरे, हे नुसतं ऐकायचं होतं ना?"

"आपलं गीत वाजलं तर तोंड शिवून बसायचं?" रजीनमावशी कडाडल्या. "पण कॅस्मिर, ओळ झाली की मधेच तू कुठे फिरायला जातोस रे?"

"तुम्हाला दम घ्यायला वेळ देतो, मावशी."

व्हिवियनला हसू आवरेना. "यल्ला, चला, पुढच्या मिस्सालाही हेच. मावशी, तुम्ही माइकवर, लोक तुमच्या मागून."

दुपारी कॅस्मिरनी सुरमईचं कालवण दोनदा मागून घेतलं. उद्या कामावरून आले की त्यांना रोल्याच्या बाजारात जायचंय, मावशींच्या बाकापर्यंत पोचेल अशी माइकची लांब वायर आणायला.