जावा, अकोला आणि एकच तार

अमरावतीच्या एका शाळेत सायन्स शिकवणारे हरिहर मास्तर म्हणजे गरीब गाय. कुणाशी भांडण नाही, कुणाला उणं बोलणं नाही. जीव होता तो छपरावरच्या तारांत. साल सदतीस. स्वतःच वायरलेसचा सेट बनवायचा, सरकारी परवाना घ्यायचा आणि कड्ड-कट्ट करत हवेतून गप्पा मारायच्या, असल्या छंदाची माणसं तेव्हा वऱ्हाडात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

त्यांतलाच एक अकोल्याचा सहदेव. बाळापूरकडच्या शेतकरी घरातला, मास्तरांचा कॉलेजातला सोबती. झाडावरून पडून कमरेखाली लुळा झाला आणि कायमचा खाटेवर आला. मास्तरांनीच त्याला हा नाद लावला. रोज संध्याकाळी चाळीस मीटर लांबीच्या लाटेच्या बँडवर दोघं बोलत. भाषा मराठी, अक्षरं रोमन आणि टकटक मोर्सची. सहदेवचा सगळा दिवस त्या संध्याकाळची वाट पाहण्यात जाई.

पुढे मास्तरांना परदेशाची चटक लागली. दूर बोलायला वीस मीटरचा बँड बरा. पण तिथली लाट वर जाते ती थेट दूर देशी उतरते, मधलं अकोला कोरडंच राहतं. डायपोलची, म्हणजे छपरावर ताणलेल्या एरियलची, तार लाटेच्या निम्म्या लांबीची लागते. मास्तरांनी सहासष्ट फुटांची तार खाली घेतली आणि दोन्ही टोकांकडून कापून निम्मी केली. आठवडाभरच, मग परत जोडू, अशी स्वतःची समजूत घातली. जावा बेटावरचा माणूस बोलला, सिलोनचा बोलला आणि तो आठवडा काही संपेना.

एक दिवस सहदेवचे काका नत्थुजी दारात उभे.

"मास्तर, पोरगं रोज कानाले लावून बसून राहिलं. तुमी काहून बोलत नाही?"

"सेटमधला व्हॉल्व्ह जळाला, काका," मास्तर म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाच्या तोंडून ते इतक्या सफाईनं कसं निघालं, देव जाणे.

काही दिवसांनी नत्थुजी पुन्हा आले. हातात एक डबी, डबीत कापूस आणि कापसात काचेचा, बल्बसारखा व्हॉल्व्ह.

"सहदेवनं देल्ला. म्हने, मास्तरची बोलती बंद झाली, लवकर नेऊन द्या."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी ताटावरून तसेच उठले. पण माणूस शरमला म्हणून त्याचा लोभ सुटतो थोडाच! मास्तरांना अकोला हवं होतं आणि जावाही सोडवत नव्हतं. म्हणजे एकाच तारेनं दोन्ही बँड साधायला हवे.

कापलेले तुकडे त्यांनी कथलाचा डाग देऊन परत जोडले. चाळीसवर ही तार सरळ वागे. वीसवर मात्र तीच तार लाटेच्या मानानं दुप्पट होई, मधोमध तिचा स्वभावच पालटे आणि सेटमधली ताकद ती घेईना. म्हणून तारेच्या मध्यातून दोन समांतर तारा सेटपर्यंत सोडल्या. त्या एकमेकींना लागू नयेत म्हणून मेणात उकळलेल्या बांबूच्या काड्या मध्ये बांधल्या. खाली कॉइल आणि कंडेन्सर. चाळीसला कॉइलचे वेढे जास्त घ्यायचे, वीसला कमी. वेढे किती, ते चिमटा सरकवून शोधायचं. तारेच्या वेटोळ्याला टॉर्चचा बल्ब जोडून तो कॉइलजवळ धरला की जुळणी कळे. कंडेन्सर फिरवता फिरवता बल्ब चाळीसवर लख्ख पेटला. चिमटा सरकवला, वीसवरही पेटला. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आज नुसते बसून राहिले.

संध्याकाळी चाळीसवर अकोल्याला हाक घातली. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याला सगळं कळलं असणार, तो रुसला, असं मास्तरांच्या मनानं घेतलं. रविवारी ती डबी खिशात घालून त्यांनी अकोल्याची गाडी धरली.

सहदेव खाटेवर हसत होता.

"ये! तुह्या हाका ऐकल्या मी. पन बोलू कायनं? व्हॉल्व्ह तर तुह्यापाशी!"

टेबलावरच्या त्याच्या बोलायच्या सेटमधली व्हॉल्व्हची जागा रिकामी होती.

"तुझ्याकडे एकच होता?"

"मंग काय दुकान हाय माह्यं? ऐकायचा सेट चालू हाय ना, पुरे. अन् आयक, वीसवर तुहा आवाज इथं येत नाही, पन जावावाल्याचा येते. तुले उत्तर देऊन राहिला होता तो! माह्या व्हॉल्व्हनं जावा गाठलं का नाही?"

मान हलवली असती तरी भागलं असतं. मास्तरांनी डबी काढून खाटेवर ठेवली.

"सहदेव, हा मी लावलाच नाही. माझा जळालाच नव्हता. जावाच्या नादात तुझ्याशी बोलायची तार कापली आणि वर खोटं बोललो."

सहदेवनं डबी उघडून पाहिली आणि मिटली.

"वीस मीटर पाहिजे म्हनून सांगतलं असतं, तर मी नाही म्हनलो असतो काय?"

आतून भांड्यांचा आवाज आला, तसा सहदेव हळूच म्हणाला, "मायले नको सांगू. तिनं गल्लीत साखर वाटली. माह्या पोराचा व्हॉल्व्ह समुद्रापार बोलला म्हनून."

त्याची आई मैनाबाई चहा घेऊन बाहेर आली.

"मास्तर, तुमच्यामुळं माह्या पोराचं नाव झालं. तो जावावाला पुन्हा भेटला का त्याले माहा राम राम सांगा."

मास्तरांनी सहदेवकडे पाहिलं. त्यानं डबी पांघरुणाखाली सरकवली.

"सांगतो, माय," मास्तर म्हणाले.