गुरुजींची कपबशी

समस्त संगीतप्रेमी जनतेस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, एके काळी पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांत गाण्याचा अंतिम निकाल कपबशीत लागत असे. त्या निकालावर अपील नव्हतं. न्यायाधीश होते सौंसरचे वामनराव गुरुजी.

गुरुजी पेटी शिकवायचे. दर रविवारी बसनं पांढुर्ण्याला यायचे, आमच्या ओसरीवर शिकवणी घ्यायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत जायचे. कुणी गायला बसलं की त्यांच्यापुढे चहा ठेवला जाई. गाणं आवडलं तर ते चहाला तोंड लावत नसत, नाही आवडलं तर पिऊन मोकळे होत. "चांगलं गानं आयकलं का घसा भरून येते, बाप्पा. मंग चहा जाईन कुठून?" हे त्यांचं शास्त्र. नागपूरचे एक नावाजलेले गवई सौंसरला गायले, तेव्हा गुरुजींनी दोन कप रिचवले आणि वर टोस्ट मागितला. उलट तिगाव स्टेशनावर कुणी बाई लेकराला गाणं म्हणून निजवत होती, तर यांच्या चहावर साय धरली आणि गाडी निघून गेली.

माझा धाकटा भाऊ सुधीर हा त्यांचा सगळ्यात लाडका शिष्य. तो नागपूरला कॉलेजात गेला आणि पेटी सोडून बसला. परत आला तो एक कॅसेट घेऊन. कुणा मित्राच्या जहाजावरच्या भावानं परदेशातून आणलेली. वर काळं जंगल, जंगलात कवटी, कवटीवर मेणबत्ती. आईनं ती देवघर असलेल्या घरात येऊच दिली नाही. कॅसेटचा मुक्काम ओसरीवर, चपलांच्या शेजारी. शिवाय असलंच वाजवणाऱ्या नागपूरच्या पोरांनी सुधीरला कीबोर्डवर बोलावलं होतं आणि बाबूजींना तो आमच्या कापडाच्या दुकानात हवा होता.

घरात आठवडाभर धुसफूस चालली. शेवटी बाबूजींनी फर्मान काढलं, "रविवारी गुरुजी आयकतीन. चहा पेले तर तू दुकानात. नाही पेले तर जाय नागपूरले." गुरुजींना यातलं काही सांगायचं नाही, असंही ठरलं. बाबूजी निश्चिंत होते. गुरुजी आधीच दुखावलेले आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. "माह्या पेटीवर बसलेला हात हाय तो," गुरुजी म्हणत, "अन् तो भुताले नेऊन देऊन राहिला."

रविवारी शिकवणी आटोपली. आईनं मुद्दाम आलं घालून कडक चहा केला. ती कोणाच्या बाजूनं होती ते मला आजवर कळलेलं नाही. गुरुजींनी कवटीकडे पाहून विचारलं, याच्या घरी कोनी मेलं का? सुधीरनं टेबलावरच्या टेपचं बटण दाबलं.

आधी घंटा, मग देवळाच्या गाभाऱ्यातून यावा तसा ऑर्गनचा घुमारा. गुरुजींची मान किंचित हलली. आणि एकदम गिटारी आणि ढोल कोसळले, त्यावर एक माणूस जीव तोडून किंचाळू लागला.

"याले कोनी पानी द्या," गुरुजी म्हणाले आणि त्यांचा हात कपाकडे गेला.

बाबूजी टेकून बसले. सुधीर नजर टेपवरून हलवेना. इतक्यात त्या गदारोळाच्या मागून व्हायोलिनं आली, एक नव्हे, पुष्कळ. हात कपावर थांबला. बऱ्याच वेळानं गुरुजींनी कपबशी उचलली. सुधीरनं डोळे मिटले. आईनं पदर तोंडाला लावला. गुरुजींनी कपबशी उचलून बाजूला सतरंजीवर ठेवली. ढोलाच्या दणक्यानं ती टेपशेजारी टेबलावर खुळखुळत होती आणि त्यांना त्या आवाजाचा अडथळा होत होता.

कॅसेटची एक बाजू संपली. खटकन बटण वर आलं.

"समोरचा बोंबलून राहिला," गुरुजी हळू म्हणाले, "अन् मांगचे सारे त्याच्यासाठी रडून राहिले. त्याले मालूमच नाही." मग सुधीरकडे न पाहताच म्हणाले, "मांगच्यायमंदी बसशीन तू. पलटव."

बाबूजींनी बसची आठवण दिली. गुरुजी म्हणाले, जाऊ द्या.

पुढे गुरुजी वारले, तेव्हा सुधीर नागपूरच्या कार्यक्रमातून काळ्या कपड्यांतच सौंसरला पोचला. गुरुजींच्या पत्नीनं, काकूंनी, त्याच्यापुढे चहा ठेवला. तो त्याच्यानं पिववला नाही. काकूंनी कप उचलून नेला. त्या घरात याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नव्हता.

पण त्या रविवारी सुधीर गडबडीत कॅसेट पुन्हा पुन्हा त्याच बाजूनं बसवत होता. गुरुजी वाट पाहत डोळे मिटून बसलेले. बाबूजी मात्र गुडघ्यांवर पुढे सरकले. सतरंजीवरच्या काठोकाठ भरलेल्या कपाकडे, त्यावरच्या जाड सायीकडे त्यांनी निरखून पाहिलं आणि त्या शांततेत त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"गुरुजी, चहात माशी तं नाही पडली ना?"