गंगूची ओळ

गंगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दळण आणायला निघाले होते. पिशवी हातात धरून तशीच खाली बसले... पुढे तीनेक आठवड्यांनी आमच्या निवृत्तांच्या संघटनेच्या सेक्रेटरींचा निरोप आला, ‘‘बाई, गंगव्वाबाईंचं नाव सभासदांतून काढता का?’’ आमच्या निवृत्त गिरणीमंडळींचा तक्ता माझ्या कॉम्प्युटरवर असतो. तो तिनेच तयार करून दिलेला. त्यातून तिलाच काढायचं, हे काही माझ्या हातून होईना.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघी सोलापूरच्या एका गिरणीत मशीन-रूममध्ये लागलो. तेव्हा एका कामगाराचं एक, भोकं पाडलेलं कार्ड असे. काम सोडून गेलेल्यांची कार्डं काढा, असं साहेबांनी सांगितलं. गंगूने मशीनला अट लावली : ज्याची महिनाभर हजेरी नाही, तो गेला. खटाखट कार्डं वेगळी झाली, काम फत्ते! पण दिवस सुगीचे. कितीतरी गडी रजा टाकून ज्वारी काढायला गावाकडे गेलेले. मैंदर्गीहून परतलेल्या तिच्या सासऱ्यांनाच गेटवर अडवलं, हजेरीपटावर नाव नाही म्हणून. ते तडक आमच्या खिडकीशी आले. ‘‘सूनबाई, हितं जित्ता हुबा हाय की मी! कुटं घालवलंस मला?’’ गंगूला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मी हसून बेजार. नशीब, तिने कार्डं फेकली नव्हती. दिवसभर बसून आम्ही ती परत लावली.

पुढे कॉम्प्युटर आले, त्यातल्या तक्त्यांना हुकूम द्यायची भाषा एसक्यूएल आली, आणि गंगू नव्या मुलींना ती शिकवू लागली. ओळी पुसणारं डिलीट लिहिण्याआधी तीच अट ओळी नुसत्या दाखवणाऱ्या सिलेक्टला लावून बघा, कोण कोण जातंय ते. आणि अट लिहायचीच विसरलात तर सगळा तक्ता रिकामा! ‘‘पटत न्हाय? माझ्या सासऱ्यास्नी इचारा की!’’ म्हणायची. तिची आठवण रोज येते, पण डोळे भरायच्या आधी हसू येतं. अशी मैत्रीण लाभली, आणखी काय हवं?

परवा सकाळी बसले एकदाची. तिचा सभासद क्रमांक टाकून सिलेक्ट केलं. एकच ओळ आली. नाव, माहेर दुधनी, फोन... डिलीट केलं. पण गंगूच्या पद्धतीत काम तिथे संपत नसे. लगेच कमिट, म्हणजे पुसणं पक्कं करायचा हुकूम, द्यायचा नाही. उठायचं, चहा घ्यायचा, मग येऊन पक्कं करायचं. तोवर रोलबॅक म्हटलं की ओळ परत येते.

मी उठले, चहा केला. कप रिकामा झाला तरी ओट्याशीच उभी होते. मग दुसऱ्या कपाचं आधण ठेवलं.