निळ्या दाराचा चार्जर

फ्यूजभाऊ वायरमनच्या हाताला तोड नव्हती, पण डोक्यात हवा! घरोघरी विजेवरच्या गाड्यांचे चार्जर बसवायचा आणि प्रत्येक चार्जरच्या ॲपमध्ये मालक म्हणून स्वतःचाच नंबर घालायचा. "लोकांच्या कुठे लक्षात राहतात ते पासवर्ड? नसती कटकट!" लोकही खूश. काही अडलं की फ्यूजभाऊला फोन, आणि हा बसल्या जागी बटण दाबून मोकळा. चाळीस घरांचं आपल्यावाचून पान हलत नाही, या विचारानंच त्याची छाती फुगायची. बायको म्हणायची, "दुसऱ्यांच्या भिंतीवर कसली मालकी गाजवता हो?"

ॲपमध्ये घरांची नावं त्यानं दारांच्या रंगावरून ठेवली होती. पिवळं दार, तपकिरी दार, निळं दार. आता दारं काय जन्मभर एकाच रंगाची राहतात? पण हे त्याच्या डोक्यात कशाला येतंय!

एका संध्याकाळी फोन आला. "निळ्या दाराकडून बोलतोय. आठवडाभर बाहेर चाललोय, चार्जर बंद करून टाका." यानं यादीतलं निळं दार बंद केलं. ते निघालं नर्सबाईंचं. त्यांनी गेल्याच महिन्यात दाराला हिरवा रंग दिला होता, आणि पलीकडच्या गल्लीत दुसऱ्याच कुणीतरी निळा.

सकाळी नर्सबाई गाडीत बसल्या, तर बॅटरी तळाला. घरोघरी जाऊन आजाऱ्यांना इंजेक्शन देण्याचं त्यांचं काम. एका आजोबांच्या इन्सुलिनची वेळ टळत चालली होती. बाई बॅग काखोटीला मारून तीन किलोमीटर धावतपळत गेल्या. थोडक्यात निभावलं. तिथून तडक फ्यूजभाऊच्या दुकानात.

"चार्जर माझा, भिंत माझी, आणि बंद करणारा तू कोण रे?"

"अहो बाई, फोन आला होता..."

"कुणाचा? कुणीही उठून फोन करावा आणि तू माझी गाडी बंद पाडावीस?"

आजोबांचं कळलं तेव्हा फ्यूजभाऊला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घालून तो निघाला. ज्याचा चार्जर त्याच्या फोनवर मालकी करून द्यायची, नवा पासवर्ड त्यालाच टाकायला सांगायचा आणि टाकून होईपर्यंत पाठ फिरवून उभं राहायचं. यादीतलं एकेक दार कमी होत गेलं. आता आपल्याला कोण विचारणार, या विचारानं त्याला घरी जेवण गोड लागेना.

नर्सबाईंचं घर शेवटी ठेवलं होतं. तोंड दाखवायची हिंमत कुठे होती! बाईंनी पासवर्ड टाकला, मग आणखी काहीतरी खुडबुड केली. पाठमोऱ्या फ्यूजभाऊचा फोन वाजला. बाईंचा चार्जर हाताळायची परवानगी आली होती.

"मालकीण मी," बाई म्हणाल्या. "पण बिघडला तर बघायला कुणीतरी नको? मला न विचारता हात लावलास, तर काढून टाकेन हं."

चाळीस घरांत फ्यूजभाऊ आपल्या मनानं शिरला होता. 'ये' म्हणणारं हे पहिलंच घर.