पाणी पिवळं होत नव्हतं

"पाळी आहे का तुझी आज?"

साहेबांच्या आईंनी हे मला स्विमिंग पुलाच्या काठावर विचारलं. माळी पाइप धरून उभा. ड्रायव्हर गाडी पुसत होता. साहेब खुर्चीत पेपर वाचत होते. माझ्या हातात ब्रश, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मी नाही म्हटलं. तर म्हणाल्या, "नीट आठवून सांग." ड्रायव्हर हसला. साहेबांनी पेपरचं पान उलटलं.

दर मंगळवारी हेच. कारण मंगळवारी मी पुलात उतरायचे, पायऱ्या आणि टाइल्स घासायला. पाण्याच्या कडेला तेलाचं काळं कडं धरतं, ते बाहेरून वाकून निघत नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. साहेब भाईंदर पूर्वेला बिल्डिंगा बांधायचे. आमच्या चेणे गावात त्यांनी बंगला बांधला, मागे घरचा स्विमिंग पूल. मी इथल्याच बौद्धवाड्यातली, आठवी पास. पूल बसवणारा माणूस पाणी तपासायचं माळ्याला शिकवत होता. माळ्याला वाचता येईना, म्हणून मग मला शिकवलं. काचेच्या नळीत पुलाचं पाणी घ्यायचं, छोट्या बाटलीतले थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. नळी कोरी राहिली तर नाही, मग पोहणाऱ्याला खाज सुटते, डोळे येतात. खोटं कशाला बोलू, ते काम मला फार आवडायचं. शाळा सुटल्यावर पहिल्यांदा कुणीतरी मला काही शिकवलं होतं.

मे महिन्यात नळी कोरी यायला लागली. रोज नाही, फक्त बुधवारी. साहेबांच्या नऊ वर्षांच्या मुलीचे डोळे आले, लालभडक. मी एकेक बघत गेले. क्लोरीनच्या पावडरचा डबा सर्दावला असेल म्हणून नवा उघडला. ऊन क्लोरीन खातं, म्हणून ऊन कलल्यावर टाकायला लागले. पानं काढली, फिल्टर धुतला. बाकीचे सगळे दिवस पिवळं. बुधवारी परत कोरं.

आईंनी लगेच पकडलं. "मंगळवारी ही उतरते, बुधवारी पाणी खराब. हिच्या अंगातच आहे काहीतरी." साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, यापुढे नीट आंघोळ करून येत जा.

आणि मी केली. हे सांगताना अजून मला माझीच घाण वाटते. वाटलं, असेलही बाई. नळी काय खोटं बोलणार? मंगळवारी कामावर निघायच्या आधी मी कपड्याच्या साबणाने अंग घासलं. काखा, मांड्या, मान. टाचा घासायच्या वजरीने घासलं. कातडी सोलली, रक्त आलं, तरी हाताचा वास घेऊन बघत होते. माझ्या आईला गावच्या विहिरीवरून हाकललं होतं. ती सांगायची तेव्हा मी तिच्यावर चिडायचे, तू ऐकून कसं घेतलंस गं? आणि इथे मला कुणी हाकललंही नव्हतं. मीच मोरीत बसून मला घासत होते.

तरी बुधवारी नळी कोरीच.

पुढच्या मंगळवारी काम उरकून निघाले, तर जेवणाचा डबा काठावरच राहिला. अर्ध्या वाटेवरून परत फिरले. बघते तर साहेबांच्या आई पुलाशी उभ्या, हातात भरलेली कळशी, पाण्यात ओततायत. पांढरट धार. वास आला. गोमूत्र आणि दूध. मला बघून दचकल्याही नाहीत. म्हणाल्या, तू उतरलीस की पाणी शुद्ध करून घ्यावं लागतं, पोरं पोहतात त्यात. सुट्टी लागल्यापासून दर मंगळवारी करते.

मूत. माझा विटाळ काढायला मूत. पूलवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पोरांना पुलात मुतू देऊ नका, क्लोरीन मरतो. माझी सोललेली काख घामाने चुरचुरत होती. शिसारी आली मला. त्या बाईची आली, त्या पाण्याची आली, आणि सगळ्यात जास्त माझी मला आली.

रविवारी सगळे काठावर नाश्त्याला बसले. मी पुलाच्या पाण्याच्या दोन बादल्या भरल्या. दोन्हींचं पाणी तपासून पिवळं दाखवलं. मग एका बादलीत माझे दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले. आईंना म्हटलं, तुमचं ते शुद्धीचं फुलपात्रभर द्या. त्यांनी कौतुकाने आणून दिलं. ते दुसऱ्या बादलीत ओतलं आणि त्यांचे पोहे संपेपर्यंत उभी राहिले.

मग दोन नळ्या भरल्या. माझ्या हातांची पिवळी. त्यांची गढूळ, पिवळ्याचा पत्ता नाही.

मुलीने दोन्ही नळ्या नीट बघितल्या. म्हणाली, "म्हणजे आजी, तुझ्यामुळे माझे डोळे आले?"

साहेब शिकलेले. त्यांना तिथल्या तिथे कळलं. तरी म्हणाले, "आईची श्रद्धा आहे गं. तू आता आत उतरू नकोस, काठावरून लांब दांड्याने घास. आणि जाताना तिच्या पाया पड. तिला वाईट वाटलंय."

मी नळ्या धुतल्या, पुसल्या, पेटीत ठेवल्या. पेटी त्यांच्या पोह्यांच्या बश्यांशेजारी ठेवली.

"पाया पडणार नाही," म्हटलं. "आणि तुमच्या पाण्यात हातही घालणार नाही."

"माज आलाय," आई म्हणाल्या.

"हो. आलाय."

त्यानंतर भाईंदरच्या फ्लॅटांमधून भांडी घासली, लाद्या पुसल्या, दुसऱ्या दोन बंगल्यांचे पूलही सांभाळले. प्रत्येक ठिकाणी कामाचं बोलायच्या आधी दारातच सांगते. कितीतरी जणांनी दार लावून घेतलं. लावू देत. मी सांगायची थांबत नाही. माझ्या पाळीचं विचारायचं नाही. माझ्या मागे काही शिंपडायचं नाही. शिंपडलंत तर मला कळेल. मला पाणी तपासता येतं.